उबेला ठेवलेल्या चकत्या

एकाच संस्थेत नवरा वरच्या मजल्यावर स्फटिक वाढवायचा आणि बायको तळघरात ते स्फटिक कसे खराब होतात ते मोजायची. नव्याने कामाला लागलेल्याला हे कुणी सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग हळूच विचारायचा, "घरी भांडणं होत नाहीत का हो?" जुनी माणसं सांगायची, नाही होत, तेच तर नवल. नवऱ्याला सगळे भट्टीवाला म्हणत आणि बायकोला सुईबाई. खरी नावं पगाराच्या चिठ्ठीवर छापली जात, तेवढाच त्यांचा उपयोग.

भट्टीवाला आपल्या भट्टीत एक पूड वितळवून, हवे ते वायू सोडून, दिवसच्या दिवस डोळ्यांत तेल घालून काचेसारखी एक कांडी वाढवायचा. ती कापली की नखापेक्षा पातळ चकत्या निघत. चकतीत बघायचं ते एवढंच, की जिथून वीज जाऊ द्यायची तिथूनच ती जावी आणि जिथे अडवायची तिथे अडून राहावी. अडवलेल्या बाजूने जी चोरून झिरपते तिला म्हणायचं गळती. मग या चकत्या तळघरातल्या जाड दाराच्या खोलीत जात आणि तिथे त्यांच्यावर किरणांचा मारा होई. बाहेरून बघाल तर ना ओरखडा ना डाग. पण आत ओळीने बसलेले अणू जागचे उठवले जातात, त्यांच्या जागा रिकाम्या पडतात, आणि एरवी अडणारी वीज त्या खिंडारांतून गळू लागते. भट्टीवाल्याच्या स्फटिकाने हा मारा वर्षानुवर्षं सोसावा आणि गळू नये, एवढीच काय ती अपेक्षा होती. तेवढ्यापायी माणसाचं आयुष्य गेलं.

मारा खाऊन आलेल्या चकतीवर मायक्रोस्कोपखाली दोन बारीक सुया टेकवायच्या आणि गळती मोजायची, हे सुईबाईचं काम. सुई जोरात टेकली तर चकती चिरते, हलकी टेकली तर आकडा भलताच येतो. तिचा हात असा होता की लोक म्हणायचे, ही बाई झोपलेल्या मुंगीला न उठवता तिची नाडी बघेल. तिच्या हातून चकती चिरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

या कामात एक नियम आहे. जाड दाराच्या खोलीतून चकती बाहेर आली की थंड डब्यात, डब्यातून फ्रीजरमध्ये आणि फ्रीजरमधून थेट सुयांखालच्या गार पाटावर. मध्ये कुठेही तिला ऊब लागता कामा नये. कारण ऊब मिळाली की उठवले गेलेले अणू थोडेफार सरकत सरकत जागेवर परततात आणि गळती कमी दिसते. म्हणजे मार बसायचा तो बसलेलाच असतो, पण मोजणाऱ्याला चकती ठणठणीत वाटते. ही दुरुस्ती वरवरची. पुन्हा मारा झाला की तीच चकती आधीपेक्षा लवकर गळते. नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे सुईबाईच शिकवायची. "घरी नेऊन मांडीवर घेऊन बसू नका त्यांना," असं म्हणायची. सगळे हसायचे. तीही हसायची, आणि ती का हसते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवात झाली ती भट्टीवाल्याची आई गेली त्या वर्षी. तोवर त्याच्या एकूण एक खेपा फसल्या होत्या. भट्टीतून बाहेर येताना चकत्या अशा देखण्या की बघत राहावं, आणि मारा झाला की फुटक्या माठासारख्या गळायच्या. भट्टी बंद करून तिथे दुसरं काहीतरी आणायची कुजबुज सुरू झाली होती. माणूस घरी यायचा, बूट न काढता खुर्चीत बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. भिंतीवर काही नव्हतं. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "तुम्ही घ्या, मी आलोच," आणि यायचा नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती आईला विचारायची, "बाबा आजारी आहेत का?" सुईबाई म्हणायची, "दमलेत." हे उत्तर तिला स्वतःलाच पटत नव्हतं. कधी कधी तो न्हाणीघरात गेला की ती दाराशी जाऊन उभी राहायची, आतून पाण्याचा आवाज येतोय ना एवढं ऐकायला.

एका शुक्रवारी जाड दाराची खोली सांभाळणाऱ्या दारकाकांनी थंड डबा तिच्या हातात दिला. चकत्या ट्रेमध्ये लावून झाल्या आणि तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, सासूबाई पडल्या, लगेच या. सुईबाईने हातातला ट्रे जवळच्या कपाटावर ठेवला आणि ती धावली. त्या कपाटात उपकरणांना वीज पुरवणारा जुना खोका होता, तो दिवसरात्र चालायचा, त्यामुळे कपाटाचा माथा कायम गरम असायचा. थंडीत लोक त्यावर ओले हातमोजे वाळत घालायचे.

सासूबाईंचं सगळं आटोपून ती कामावर आली तेव्हा ट्रे फ्रीजरमध्ये होता. आपणच ठेवला असेल, असं तिला वाटलं. तशा दिवसांत कुणाला काय आठवतं? तिने सुया टेकवल्या. गळती जवळजवळ नाहीच. सुई नीट टेकली नसेल म्हणून तिने पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. दुसरी चकती घेतली, तिसरी घेतली. तिने आकडे वर पाठवले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. थोड्याच वेळात जिन्यावर धडाधडा पावलं वाजली. भट्टीवाला आत आला, त्याने पडद्यावरची गळती दाखवणारी रेघ बघितली, आणि तो फ्रीजरच्या झाकणावर डोकं टेकून ढसाढसा रडला. आईला पोचवतानाही तो रडला नव्हता.

तो वर गेल्यावर दारकाका डोकावले. "बाई, ट्रे कपाटावर विसरला होतात बरं का. आज सकाळी माझ्या नजरेस पडला, मी आत टाकला."

"आज सकाळी?"

"हो. कुणाला बोललो नाही मी, घाबरू नका. अशा वेळी चुकतंच माणूस."

ट्रे किती दिवस उबेत पडून होता ते सुईबाईला कळलं. तिने ठरवलं, जेवण झालं की सांगायचं. त्या संध्याकाळी भट्टीवाल्याने येताना अंडी आणली, स्वतः शिजवली, दोनदा वाढून घेतलं, आणि भांडी घासताना चक्क गाऊ लागला. आवाज बेसूर. मुलगी हसून हसून लोळायच्या बेताला आली. आता या घरात उभं राहून कोण सांगणार, की अहो, त्या चकत्या गरम झाल्या होत्या? तुम्ही सांगितलं असतं? तिने नाही सांगितलं. उद्या सांगू, म्हणाली.

पुढची खेप तिने इमानेइतबारे फ्रीजरमध्ये ठेवली आणि गारेगार मोजली. गळायचं तेवढं गळत होतं. वर नवरा वाट बघत बसला होता, सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. सुईबाईने ट्रे उचलला आणि कपाटावर ठेवला. एकदाच, असं तिने स्वतःला बजावलं. आता या 'एकदाच'चं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. दर खेपेला ती आधी थंड चकती मोजायची, मनातून हात जोडायची की या वेळी तरी खरंच चांगली निघू दे, आणि ती गळकी निघाली की ट्रे कपाटावर जायचा. एकही खेप अशी आली नाही की तिला कपाटाची गरज पडली नाही.

आणि मजा बघा, ती स्वतःला खोटारडी समजत नव्हती. आकडा मी बदलत नाही, सुई जे दाखवते तेच पाठवते, असं ती स्वतःला समजवायची. हे अगदी खरंही होतं. माणसाने स्वतःची समजूत घालायची म्हटलं की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

सगळ्यांत वाईट झालं ते वेगळंच. भट्टीवाल्याला आपल्या चुका कधी कळल्याच नाहीत. त्याने वायूचं प्रमाण बदललं, आकडा चांगला. भट्टीतली नळी बदलली, आकडा चांगला. कांडी ओढायचा वेग कमी केला, तरीही चांगलाच. काहीही केलं तरी खालून शाबासकी येत होती. त्यातून तो ठाम मतं बनवत गेला. वायू असा हवा, नळी अशी हवी, हे तो नव्या लोकांना तासन्‌तास सांगायचा आणि त्यातल्या एकाही गोष्टीला आधार नव्हता. दुसऱ्या शहरातून त्याला बोलावणं आलं, मोठी जागा, मोठं घर. लेकीची फार इच्छा होती जायची. तो म्हणाला, "माझा स्फटिक इथे आहे." सुईबाईने तेव्हाही तोंड उघडलं नाही. लेक मोठी झाली आणि एकटीच त्या शहरात निघून गेली.

अशी वर्षं गेली. दारकाका निवृत्त झाले आणि पुढे वारलेही. मग विभागप्रमुख बाईंनी एक दिवस सगळ्यांना बोलावलं. दूर कुठल्याशा मोठ्या यंत्राच्या भुयारात कणांची टक्कर घडवतात, तिथल्या मोजमापाच्या उपकरणांत बसवायला आपल्या भट्टीतल्या चकत्या निवडल्या गेल्या होत्या. व्हरांड्यात केक आणला गेला. भट्टीवाल्याने सुरी बायकोच्या हातात दिली. "हिनेच तर पारखल्यात सगळ्या," तो मोठ्याने म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुईबाईने केक कापून सगळ्यांना वाटला, स्वतः घेतला नाही.

चकत्या रवाना व्हायच्या आधी एकदा तिने धीर केला. दोघं कामावरून चालत घरी निघाली होती, हातात भाजीची पिशवी.

"अहो, त्या भुयारात म्हणे फार थंड ठेवतात सगळं."

"ठेवणारच. उपकरणांना थंडीच लागते. का?"

"आपण कधी इतके महिने थंडीत ठेवून, रोजचा थोडा थोडा मारा देऊन बघितलंच नाही. अजून थांबायला सांगितलं तर?"

तो हसला. "तुझा फ्रीजर काय गरम असतो की काय? अगं, इतकी वर्षं तूच मोजलंस ना? आता तुलाच धाकधूक?" आणि त्याने तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. पिशवी काही जड नव्हती. तिचं बोलणं तिथेच राहिलं.

भुयारातल्या चकत्यांना ना कपाट होतं ना सुईबाई. रोज मारा, रोज थंडी, एकाही अणूला जागेवर परतायची सोय नाही. पहिल्याच हंगामात त्या गळू लागल्या आणि हंगाम संपेपर्यंत सगळ्या गेल्या. उपकरणं नुसतीच गळती मोजत बसली. तिथून कळवणारे लोक फार सभ्य होते, त्यामुळे जास्तच लागलं. त्यांनी चकत्या काढून परत पाठवल्या आणि आता धोका उरलेला नाही असं तपासून त्या भट्टीवाल्याच्या हवाली झाल्या.

त्याने आधी मानलंच नाही. मग मानलं, आणि मग तो स्वतःच्या मागे हात धुऊन लागला. पूड निराळी आली होती का? पाण्यात काही होतं का? त्याने अख्खी भट्टी उघडली, विटा एकेक करून काढल्या, पुसल्या, परत लावल्या. रात्री दचकून उठायचा आणि म्हणायचा, "तुझ्याकडे जगतात आणि तिकडे मरतात. तुझ्याकडे का जगतात?" ती पाठ फिरवून पडून राहायची. लेकीचा फोन आला की ती म्हणायची, "आई, बाबांना सांग ना आता सोडून द्यायला. होतं असं." सुईबाई म्हणायची, "सांगते." लेकीला काय सांगणार? की तुझ्या बापाचा जीव ज्यात अडकलाय ते सगळं मीच उबेला ठेवून वाढवलंय?

विभागप्रमुख बाईंनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर भट्टी बंद.

एका दुपारी तो तळघरात आला. हातात चिमटा आणि डबी. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हती ती तरतरी.

"ही भुयारातली. अगदी मेलेली. मला वाटलं ओलावा धरला असेल, म्हणून काल सकाळी वाळवायच्या ओव्हनमध्ये टाकली होती आणि विसरलो. आत्ता काढली. बघ तरी काय म्हणते."

सुईबाईला कळून चुकलं. गार पाटावर चकती ठेवताना तिच्या मनात आलं, जरासा जोर दिला तर चिरेल. अशा शेकडो चकत्या होत्या, पण हा विषय आजच्यापुरता टळेल. तिने सुई खाली आणली. हाताने ऐकलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने सुई अलगद, जेमतेम टेकली. पडद्यावरची रेघ खाली, अगदी खाली जाऊन स्थिर झाली.

भट्टीवाला ओरडलाच. "जिवंत आहे! अगं, ऊब दिली आणि उठली! म्हणजे भट्टीत काही खोट नाही. थंडीने मारलं त्यांना. हे असं होतं हे मला माहीत होतं, पण माझ्या स्फटिकात इतकं? त्यांना कळवायला हवं, मधूनमधून उबवा म्हणावं. म्हणजे मुळात मारा त्याला सोसतच नाही, सोसल्यासारखा दिसतो तो ऊब मिळाली की. थंडीत ठेवला तर..." तो बोलता बोलता हळू झाला. "थंडीत तर तूही ठेवायचीस."

तिने सुया हळूच वर घेतल्या.

"तू फ्रीजरमध्येच ठेवायचीस ना?"

हो म्हटलं असतं तरी त्याने मान्य केलं असतं. त्याने तिच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला होता, आणखी एका दिवसाने काय होणार होतं? पण तो इतक्या जवळ उभा होता, आणि त्याच्या बाहीला भट्टीचा तो ओळखीचा जळका वास येत होता. तिच्याने खोटं बोलवेना.

"नाही," ती म्हणाली.

"कुठे ठेवायचीस?"

तिने कपाटाकडे बघितलं. त्याने जाऊन कपाटाच्या माथ्यावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कधीपासून?"

"तुमच्या आई गेल्या तेव्हापासून. पहिल्यांदा चुकून झालं. खरंच चुकून."

तो मनाशी हिशोब करत होता, ओठ हलत होते. कोणती खेप कधीची, कोणती नळी कधीची, कुठला आनंद कुठल्या साली झाला. तो ओरडेल याची ती वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने स्टूल ओढलं आणि तो तिच्यासमोर बसला, एखादा माणूस दवाखान्यात डॉक्टरसमोर बसतो तसा.

"एकही नाही?" त्याने विचारलं. "इतक्या वर्षांत एकही चकती अशी नाही, की फ्रीजरमधून सरळ सुईखाली आली आणि चांगली निघाली? एखादी? चुकून?"

खरं उत्तर तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पहिली चुकीची खेप सोडली तर प्रत्येक चकती तिने आधी थंड मोजली होती, प्रत्येक वेळी आशा धरून. एकही नाही. तेवढे दोन शब्द म्हटले की संपलं. नंतर त्याला शोधायला काही उरणार नाही, आणि बूट न काढता तो पुन्हा त्या भिंतीसमोर बसेल. या वेळी तो उठणार नाही हे ती जाणून होती. त्याचं वय झालं होतं.

"होती," ती म्हणाली. "एक होती."

त्याने मान वर केली. "कोणती?"

"तुम्ही लांब नळी बसवली होतीत ना, त्या खेपेतली. एकच. बाकीच्या गळक्या होत्या."

"थंड मोजलीस?"

"थंडच मोजली."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"वाटलं, सुई नीट टेकली नसेल."

"कुठे आहे ती?"

"चिरली. पुन्हा बघायला गेले आणि सुई जोरात टेकली."

"तुझ्या हातून?"

"हो."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग उठला, चकती चिमट्याने उचलून डबीत ठेवली आणि म्हणाला, "लांब नळी. म्हणजे तापमानाचा उतार जास्त लांब. बरं." जिना तो सावकाश चढला. पण चढताना पुटपुटत होता, आणि ते पुटपुटणं कामाचं होतं. ती स्टूलवर बसली आणि तिने तोंडावर पदर घेतला. इतक्या वर्षांनी एक खरं बोलली आणि तिथल्या तिथे त्यावर आधीपेक्षा मोठं खोटं चढवलं. स्वतःच्या नवऱ्यावर तिने यापेक्षा वाईट काही केलं नव्हतं, आणि दुसरं काय करायला हवं होतं तेही तिला आजतागायत समजलेलं नाही.

विभागप्रमुख बाईंसमोर त्याने सगळं स्वतःच्या माथी घेतलं. चूक भट्टीची, माझी, एवढंच तो म्हणाला. सुईबाई शेजारच्या खुर्चीत होती. तिने एकदा बोलायला तोंड उघडलं, तर त्याने तिच्याकडे न बघता टेबलाखालून तिच्या मनगटावर हात ठेवला, गप्प राहा म्हणून. बाई त्याला लागेल असं काही बोलल्या नाहीत, पण ज्या माणसासाठी व्हरांड्यात केक कापला होता त्याला त्यांनी दारापर्यंतही सोडलं नाही. एवढ्याने कारण सापडलं असं होत नव्हतं, ठरल्याप्रमाणे भट्टी बंद झाली. ती पूर्ण निवायला बरेच दिवस लागले, आणि निवेपर्यंत तो रोज वर जाऊन तिच्या बाजूला बसायचा. पुढे ती तोडून नेली.

आता दोघंही निवृत्त आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर तो कागद पसरून बसतो आणि लांब नळीचा उतार, वायूचा दाब, कांडीचा वेग मांडत राहतो. भट्टी नाही, पूड नाही, चकतीही नाही. फक्त ती एक, जी चांगली निघाली होती. लेक म्हणते, बाबांचं मन रमलंय ना कशात, मग झालं. मन रमलंय हे खरं आहे. जेवतो वेळेवर, झोपतोही. मात्र गात नाही.

आणि दुपारी चहा घेताना तो तिला विचारतो. त्या दिवशी चकती कोणत्या रंगाची दिसत होती? काठ कसा होता? सुई टेकल्यावर रेघ एकदम खाली आली की सावकाश? जी चकती कधी नव्हतीच तिच्याबद्दल सुईबाईला सगळं सांगावं लागतं. ती सांगते. तो टिपून घेतो.

"आणि हवा कशी होती गं तेव्हा तळघरात?" परवा त्याने विचारलं.

"दमट होती," ती म्हणाली.

त्याने लिहायला पेन टेकवलं आणि क्षणभर थांबला. तेवढ्यात तिला आठवलं, मागच्या आठवड्यात आपण कोरडी म्हणून सांगितलं होतं. त्यालाही आठवलं असणार, नोंदींच्या बाबतीत तो काही विसरत नाही. तिने मान वर करून बघायचं धाडस केलं नाही. त्याने दमट असं लिहिलं आणि चहाचा कप पुढे ओढला.